सोळाचे चाळीस, नऊचे नऊ

हा पाढा शाळेत शिकवत नाहीत. कॉलेजात शिकवतात, तोही पोरांना नव्हे, मास्तरांना.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम उघडा. कायम सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं आणि त्याचं एकूण काम ४० तासांचं धरायचं, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे सोळाचे चाळीस. मधले २४ तास गेले कुठे, असं कोणी विचारत नाही आणि विचारूही नये. त्या चोवीसांत वाचन आहे, टिपणं आहेत, पेपर तपासणं आहे, समितीच्या बैठका आहेत. ‘सर, एकच मिनिट’ म्हणत पाऊण तास खाणारी पोरं आहेत. थोडा चहाही आहे. शिकवणं म्हणजे फळ्यासमोर उभं राहून बोलणं एवढंच नसतं, हे आयोगाला पक्कं ठाऊक आहे. तासाभराच्या बोलण्यामागे दीड तासाचं न दिसणारं काम असतं, हा हिशेब आयोगानेच मांडलाय. आमची तक्रार नाही.

आता त्याच कॉलेजात, त्याच मजल्यावर, शेजारच्या वर्गात डोकावा. अभ्यासक्रम तोच. विषय तोच. शिकवणाऱ्याची नेट-सेट तीच, पीएच.डी. असली तर तीही तशीच, दोनचार वर्षं आयुष्यातली घेऊन गेलेली. फरक एवढाच की हे सर तासिका तत्त्वावर आहेत. बोलीभाषेत सीएचबी. यांना आठवड्याला कमाल ९ तास. आणि नऊ तासांचे पैसे किती तासांचे? नऊ.

सोळाचे चाळीस होतात, नऊचे नऊच राहतात. ज्या अडीचपटीने कायमवाल्यांचं काम मोजलं जातं ती अडीचपट सीएचबीवाल्याच्या दारात येऊन चप्पल काढत नाही, तशीच माघारी जाते. यांना वर्गात बोलायला तयारी लागत नाही. यांचे पेपर स्वतःच तपासले जातात. यांना पोरं शंका विचारत नाहीत. असं निदान शासनाच्या बिलाच्या नमुन्यावरून तरी दिसतं.

बरं, नऊचे नऊ तरी धड आहेत का? कॉलेजची तासिका बहुतेक ठिकाणी ४८ मिनिटांची. घड्याळाचा तास ६० मिनिटांचा. जिथे बिल घड्याळाच्या तासाने लागतं तिथे पाच तासिका घेतल्या की चार तास होतात. नऊ तासांचं बिल पुरं व्हायला सव्वाअकरा तासिका वर्गात उभं राहावं लागतं. कायम प्राध्यापकाच्या हिशेबात तास मोठा होत जातो आणि याच्या हिशेबात आटत जातो. आइन्स्टाइनला हे कळलं असतं तर त्याने एवढं लांब जाऊन प्रकाशाच्या वेगाचा नाद केला नसता.

*

पैशाचं बोलू. लाजण्यासारखं काही नाही, लाज देणाऱ्याला वाटायची.

२०१८ साली पदवीच्या वर्गाला तासाला ५०० रुपये होते. २०२२ साली आधी ६२५ झाले आणि मग ९००. वाढ झाली हे खरं, नाही कशाला म्हणा. नऊ तासांचे आठवड्याला ८,१०० आणि चार आठवड्यांचे ३२,४००. हा आकडा ऐकून गावाकडचे मामा म्हणतात, ‘अरे, मग वाईट काय आहे?’ मामांनी गुणाकार बरोबर केला. वजाबाकी राहिली.

गणपती वजा. दिवाळी वजा. परीक्षेचे दिवस वजा, कारण परीक्षेत तासिका होत नाहीत. सुपरविजन होतं, ते करायचंच. गॅदरिंग वजा. कोणा माजी संचालकांच्या निधनाची सुट्टी वजा. त्या दिवशी कायम प्राध्यापकालाही दुःख होतं, पण त्याला दुःखाचे पैसे मिळतात. पोरंच आली नाहीत तो तास वजा. उन्हाळा तर सबंध वजा. नेमणूक शैक्षणिक सत्रापुरती, वर्षाचे आठ-नऊ महिने. त्यानंतर ब्रेक. जूनमध्ये पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा झेरॉक्सचा गठ्ठा, पुन्हा मुलाखत. गेल्या वर्षी ज्या मॅडमनी पेपर तपासणीच्या कॅप सेंटरवर तुमच्याकडून जादा गठ्ठे तपासून घेतले, त्याच मॅडम मुलाखतीत विचारतात, ‘स्वतःची थोडी ओळख करून द्या.’

कायम सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. वर महागाई भत्ता, घरभाडं, आणि बारा महिने. हा आकडा इथे लिहिला तो कायमवाल्यांवर जळफळाट म्हणून नाही. त्यांना मिळतं ते रास्तच आहे. रास्त पगार कसा दिसतो हे विसरायला होऊ नये, म्हणून लिहिला.

आणि आयोग म्हणाल, तर आयोगाने याही बाबतीत तोंड उघडलं होतं. जानेवारी २०१९ मध्ये पत्र काढून सांगितलं, पाहुण्या अध्यापकाला व्याख्यानाला १,५०० रुपये द्या, महिन्याला ५०,००० पर्यंत. आपल्याकडे आयोगाची पात्रतेची अट आली की तिची अंमलबजावणी त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत होते. आयोगाचा दर आला की तो ‘तपासून सादर करावे’ असा शेरा घेऊन फिरत राहतो. पत्र एकाच कार्यालयातून निघतं, पण ‘पात्रता’ एसटीने येते आणि ‘पैसे’ बैलगाडीने.

बिल लागलं तरी पैसे हातात कधी? नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता हवी. मान्यता आली की बिल जेडी ऑफिसला. म्हणजे सहसंचालक, उच्च शिक्षण. तिथे त्रुटी निघते. त्रुटी सहसा अशी की बिलावर सही निळ्या शाईत आहे, काळ्या हवी होती, किंवा उलट. मग ग्रँट यायची वाट. दरमहा मानधन द्यावं असं शासन सांगतं. त्यावर कॉलेजांतला अनुभव असा की ‘दरमहा’ या शब्दात महिना कोणता ते लिहिलेलं नाही.

रिक्षावाल्याच्या मीटरलाही थांबण्याचे पैसे पडतात. सिग्नलला उभा राहिला तरी आकडा सरकतो. सीएचबीच्या मीटरला वेटिंग नाही.

*

तर अशी सगळी व्यवस्था सुखाने नांदत असताना २०२० साल आलं आणि कॉलेज मोबाइलमध्ये शिरलं.

तेव्हा काही भाबड्यांना वाटलं, चला, सीएचबीवाल्याचं बरं झालं. सकाळी एका तालुक्यात, दुपारी दुसऱ्या तालुक्यात अशी एसटीची धावपळ वाचली. घरबसल्या तास. पंखा स्वतःचा, चहा स्वतःचा. पुढे कळलं की इंटरनेटही स्वतःचं, मोबाइलही स्वतःचा आणि स्टँड नसेल तर पुस्तकांची उतरंड रचून तीवर फोन उभा करायची कलाही स्वतःचीच. शासनाने खडूचा खर्च वाचवला.

तास झाला हे सिद्ध करायला स्क्रीनशॉट मागायला लागले. त्यात विद्यार्थ्यांची संख्या दिसली पाहिजे, तारीख दिसली पाहिजे, वेळ दिसली पाहिजे. वर्गात शिकवत होते तेव्हा मस्टरवर एक सही पुरत होती. आता शिकवता शिकवता स्वतःचे फोटो काढायचे. मग ते फोटो वर्डमध्ये चिकटवायचे, पीडीएफ करायची, ग्रुपवर टाकायची, ड्राइव्हवर टाकायची आणि शेवटी प्रिंट काढून ऑफिसातल्या भाऊसाहेबांकडे द्यायची, कारण ऑनलाइन तासाचा पुरावा ऑनलाइन चालत नाही. या कामाला लागलेला वेळ कुठल्या रकान्यात भरायचा, असं एका सरांनी विचारलं होतं. भाऊसाहेबांनी त्यांना रकाना दाखवला. ‘शेरा’.

खरी गंमत तासाबाहेर होती. वर्गाला दार असतं. बेल वाजते, मास्तर बाहेर पडतो, पोरं त्याच्या मागे फार तर जिन्यापर्यंत येतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपला दार नाही. ‘एफवायबीए मराठी ऑफिशियल’, ‘एफवायबीए मराठी ऑफिशियल २’ (पहिल्यात कोणीतरी लॉटरीची लिंक टाकली म्हणून), ‘एसवाय अंतर्गत मूल्यमापन’, ‘फक्त प्रोजेक्ट’, ‘डिपार्टमेंट’, ‘डिपार्टमेंट विदाऊट एचओडी’. रात्री अकराला पोरगं लिहितं, ‘सर असाइनमेंट कधी द्यायचीय.’ सर लिहितात, उद्या. त्याखाली चाळीस अंगठे. एक्केचाळिसावं पोरगं लिहितं, ‘सर असाइनमेंट कधी द्यायचीय.’

कोरोना गेला. ग्रुप गेले नाहीत. आता तास वर्गात आणि उरलेलं सगळं मोबाइलमध्ये, अशी दुहेरी व्यवस्था पक्की झाली. तिला ब्लेंडेड लर्निंग म्हणतात. मिक्सरमध्ये नेमकं कोण घातलंय हे शिक्षकाला समजतं.

या सगळ्यात मजा अशी, की पडद्यावरचं शिक्षण हे जगातलं सगळ्यात जास्त मोजलेलं शिक्षण आहे. कोणता विद्यार्थी किती वाजता आला, किती मिनिटं टिकला, व्हिडिओ कितव्या सेकंदाला पुढे ढकलला, याची नोंद यंत्राकडे असते. मास्तरने रात्री किती उत्तरं दिली याचीही नोंद त्याच यंत्रात पडून असते, मिनिटासकट. ‘काम झाल्याचा पुरावा नाही’ ही जुनी सबब आता उरलेली नाही. पुरावा ढिगाने आहे. बिलाचा नमुना मात्र जुनाच आहे.

*

रेकॉर्डिंगचं प्रकरण तर आणखी रंगतदार. ‘सर, तास रेकॉर्ड करून ठेवा, गैरहजर मुलांना उपयोग होतो.’ किती समंजस विनंती! सर रेकॉर्ड करतात. पुढच्या वर्षी सरांची मुलाखत होते, नेमणूक होत नाही, आणि व्हिडिओची होते. व्हिडिओला नेट-सेट लागत नाही, आरक्षणाची बिंदुनामावली लागत नाही, जेडीची मान्यता लागत नाही. तो जून-जुलैत अर्ज करत नाही. त्याला मे महिन्यात भूक लागत नाही.

अतिशयोक्ती वाटते? कॅनडात माँट्रिअलला कॉनकॉर्डिया नावाचं विद्यापीठ आहे. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या एका विद्यार्थ्याला कलेतिहासाचे ऑनलाइन धडे फार आवडले. शिकवणारे वयस्कर प्राध्यापक, जीव ओतून बोलणारे. त्यांना ईमेल करावा म्हणून त्याने नाव शोधलं, तर मृत्युलेख सापडला. फ्राँस्वा-मार्क गान्याँ २०१९ सालीच वारले होते. विद्यापीठाने व्हिडिओ चालू ठेवले होते, गुण द्यायला दुसरी जिवंत माणसं नेमली होती आणि हे सगळं रीतसरच आहे असं त्याचं म्हणणं होतं. एका अर्थाने होतंही. आदर्श अर्धवेळ शिक्षकाचे सगळे गुण त्या व्यवस्थेत एकवटले होते: वेळेवर हजर, रजेचा अर्ज नाही, निवृत्तिवेतनाचा दावा नाही, आणि युनियनमध्ये जाण्याची शक्यता कमी.

आपल्या संस्थाचालकांच्या कानावर ही बातमी अजून गेलेली नसावी. हा लेख त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही याची काळजी वाचकांनी घ्यावी.

आता ऑनलाइन पदव्यांचा जमाना आहे. आयोगाने २०२० साली त्यासाठी वेगळे नियम केले. त्यात विद्यार्थ्यांची विचारपूस करणाऱ्या, शंका सोडवणाऱ्या माणसाला ‘कोर्स मेंटॉर’ म्हटलंय आणि त्याचं प्रमाण ठरवलंय: २५० विद्यार्थ्यांमागे एक. अडीचशे. प्रत्येकाने एक असाइनमेंट दिली आणि मेंटॉरने प्रत्येकीला दहा मिनिटं दिली तर २,५०० मिनिटं. एक्केचाळीस तास चाळीस मिनिटं. कायम प्राध्यापकाचा आख्खा आठवडा एका असाइनमेंटमध्ये संपला, वर एक तास चाळीस मिनिटं उसनी. म्हणून दहा मिनिटं कोणी देत नाही. दोन देतात. त्यात नाव वाचायचं, पहिला परिच्छेद बघायचा, शेवट बघायचा आणि ‘छान प्रयत्न’ लिहायचं. विद्यार्थ्यालाही ते पटतं, कारण त्यानेही असाइनमेंट दोन मिनिटांतच केलेली असते, हल्ली यंत्राकडून. यंत्राने लिहायचं, यंत्राने साहित्यचोरी तपासायची, यंत्राने गुण चढवायचे. मधे एक माणूस लागतो तो काही बिनसलं तर मेमो द्यायला.

काम पडद्यावर गेलं की हलकं होतं, या समजुतीचा आपण एकदा भरपूर अनुभव घेतलाय. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायला घेतल्या. निकाल महिनोन्‌महिने लांबले आणि कुलगुरूंना पद गमवावं लागलं. तेव्हाही तपासणाऱ्यांना सांगितलं होतं, आता गठ्ठे उचलायला नकोत. गठ्ठे खरंच उचलावे लागले नाहीत. डोळे आणि मान याबद्दल परिपत्रकात काही म्हटलं नव्हतं.

*

‘आपल्याकडेच हे असलं चालतं’ असं म्हणून उसासा टाकायची सोय नाही. अमेरिकेत या जमातीला ॲडजंक्ट म्हणतात. तिथे तासाऐवजी कोर्सवर पैसे ठरतात आणि एका कोर्सला सरासरी चार हजार डॉलरच्या आसपास मिळतात. सबंध सत्राचे. त्यात तयारी, तपासणी, ईमेल, रडणारे विद्यार्थी, सगळं आलं. ऑनलाइन कोर्सला अभ्यासक्रम तयार डब्यात येतो, वर ताकीद असते की विद्यार्थ्याच्या प्रश्नाला अमुक वेळात उत्तर गेलंच पाहिजे. बर्कलीच्या विद्यापीठातल्या कामगार-अभ्यास केंद्राने २०१५ साली हिशेब मांडला, तेव्हा अर्धवेळ प्राध्यापकांच्या घरांपैकी चौथा हिस्सा घरं कुठल्या ना कुठल्या सरकारी मदतीवर तगून होती. डॉक्टरेट घेतलेला माणूस सकाळी अर्थशास्त्र शिकवतो आणि दुपारी रेशनच्या कुपनाच्या रांगेत त्याचं प्रात्यक्षिक करतो.

तिथल्या एका गोष्टीचं मात्र कौतुक. ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यात आठवड्याला ३० तास काम करणाऱ्याला पूर्णवेळ समजायचं आणि मोठ्या मालकाने त्याचा विमा काढायचा, असं ठरलं. मग प्रश्न आला की ॲडजंक्टचे तास मोजायचे कसे? फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथल्या अर्थखात्याने सांगितलं, वर्गातल्या एका तासामागे तयारी-तपासणीचा सव्वा तास धरा. म्हणजे एकाचे सव्वादोन. सचिवालयात बसणाऱ्या, आयुष्यात कधी खडू न धरलेल्या कारकुनांना हे सुचलं! आपल्या आयोगाचा सोळाचे चाळीस हा पाढा अडीचपटीचा, त्यांचा सव्वादोनपटीचा. दोन टोकांच्या दोन देशांनी, एकमेकांना न विचारता, जवळपास एकच उत्तर काढलं. तरीही आपल्या सीएचबीवाल्यासाठी उत्तर एकाला एक. अर्धवट का होईना, जगात कुठेही न सापडणारं गणित महाराष्ट्रात टिकवून ठेवलंय, हा वारसा मानावा की काय!

अमेरिकन कॉलेजांनी अर्थात त्यावर तोड काढली. तीस तास भरू नयेत म्हणून कित्येकांनी ॲडजंक्टचे कोर्सच कमी केले. कायदा माणसाच्या बाजूने आला की कॉलेज माणूस कमी करतं. आपली नऊ तासांची मर्यादा कोणत्या प्रेमापोटी आली असेल, याचा अंदाज इथे बसून येतो. एका रिकाम्या खुर्चीवर साधारण दोघांना बसवायचं, कोणालाच पूर्ण बसू द्यायचं नाही. पूर्ण बसला की तो माणूस होतो, मग हक्क सांगतो. म्हणून नेमणुकीआधी हमीपत्र घेतात: मी कायम पदावर दावा करणार नाही. लग्नाच्या मुहूर्तावर घटस्फोटाच्या कागदावर सही.

आणि २०२२ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने या प्रवासाचं शेवटचं स्टेशन गाठलं. रसायनशास्त्रासाठी सहायक ॲडजंक्ट प्राध्यापक हवेत, पीएच.डी. आवश्यक, अध्यापनाचा अनुभव हवा, शिफारसपत्रं जोडावीत, आणि पद बिनपगारी. जाहिरातीत तसं स्पष्ट छापलं होतं. बोंबाबोंब झाली, जाहिरात मागे घेतली, माफी मागितली. इतका प्रामाणिक कागद उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात फार दिवसांत निघाला नव्हता. आपल्याकडे असं कोणी छापणार नाही. आपल्याकडे पगार छापतात.

*

इकडे भरतीची गोष्ट निघाली की प्रत्येक सीएचबीवाल्याला एक आकडा तोंडपाठ असतो. २,०८८. २०१८ साली ३,५८० पदं भरायला मंजुरी मिळाली, काही भरली, मग कोरोनाने भरती थांबली आणि उरलेल्या २,०८८ ची गोष्ट वर्षानुवर्षं बातम्यांत फिरत राहिली. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नाव तरी शेवटी किनाऱ्याला लागते. या आकड्याने मंत्री बदलताना पाहिले, सरकारं बदलताना पाहिली. त्या काळात ज्यांची लग्नं ठरत होती त्यांची मोडली, कारण मुलीच्या वडिलांनी ‘परमनंट कधी?’ एवढंच विचारलं. आणि कायम पदाचा ‘रेट’ काय चाललाय, हा प्रश्न तर जाहिरात निघायच्या आधी निघतो. त्यावर इथे काही लिहीत नाही. पावती कोणाकडेच नसते.

पाच सप्टेंबरला मात्र यांना विसरत नाहीत. सकाळी गुलाबाचं फूल, दुपारी भाषण. गुरूला ब्रह्मा, विष्णू आणि महेश ठरवणारा तो श्लोक प्राचार्य, प्रमुख पाहुणे आणि सूत्रसंचालक असे तिघे वेगवेगळ्या चालीत म्हणतात. कार्यक्रमामुळे त्या दिवशीचे तास होत नाहीत. सबब ब्रह्माचे पैसे कापले जातात. विष्णूचेही.

या श्लोकाबद्दल ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयच बोललं. गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना महिना ३०,००० रुपयांवर राबवून घेतलं जात होतं. न्यायालयाने त्यांना सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीचं किमान वेतन द्यायला सांगितलं, आणि सुनावलं की समारंभात तो श्लोक म्हणून भागत नाही, देश शिक्षकाला वागवतो कसा त्यात तो दिसला पाहिजे. निकाल गुजरातचा आहे. आपल्याकडे त्याचा अभ्यास करायला समिती नेमता येईल. तिच्यावर सदस्य तासिका तत्त्वावर घ्यावेत, अहवाल किती लवकर येतो बघा. बैठकीत बोलतील त्याच मिनिटांचे पैसे, अहवाल लिहायचे नाहीत, वाचायचे नाहीत, प्रवासाचे नाहीत, आणि बैठक ४८ मिनिटांची.

मागणी मोठी नाहीच. नऊला अडीचने गुणा. साडेबावीस तास होतात. आज ८,१०० रुपये त्या खऱ्या साडेबावीस तासांवर पसरले की तासाला ३६० पडतात. ९०० हा आकडा फक्त जीआरमध्ये राहतो. गुणाकार आयोगाचा, दर शासनाचा, दोन्ही आधीच मंजूर. नुसते एका ओळीत आणायचेत.

आमच्या ओळखीच्या एका सरांनी हा प्रयोग खरोखरच केला. मागच्या महिन्याच्या बिलात नऊच्या जागी साडेबावीस लिहिले, सोबत आयोगाच्या नियमांचं पान जोडलं, व्हॉट्सॲपच्या उत्तरांचे स्क्रीनशॉट जोडले, वेळेसकट. बाकी बिल नेहमीच्या नमुन्यात, काळ्या शाईत.

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. ‘सर, हे काय?’

‘काम.’

‘ते दिसतंय. पण हे पान कायमवाल्यांचं आहे.’

‘तयारी आम्हीही करतो, भाऊसाहेब. पेपर आम्हीही तपासतो.’

‘करता हो, कोण नाही म्हणतंय? तुमच्याइतकं कोणी करत नाही, हे मी प्राचार्यांनाही सांगतो.’ भाऊसाहेबांनी साडेबावीसवर आडवी रेघ मारली, शेजारी नऊ लिहिले आणि सहीसाठी कागद पुढे केला. ‘आणि सर, नॅकचं ते सातव्या निकषाचं फोल्डर तेवढं आज ग्रुपवर टाका. मॅडम म्हणाल्यात, घाई नाही. रात्री बारापर्यंत चालेल.’